सर्व अपत्यांची संमती

४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर हे पत्र तू उघडायच्या आधी थोडा वेळ तसंच ठेवून दिलं असशील. नसेल ओळखलं तर सांगते, मी शेपूट. तुझ्या मागे मागे फिरायचे म्हणून तूच ठेवलेलं नाव. आता अडतीस वर्षांची आहे आणि कोणाच्या मागे फिरत नाही. फिरायला वेळच नाही.

पत्ता मावशीने दिला. फोन नंबरही देत होती, तो मी घेतला नाही. फोनवर तू गप्प बसशील, मी रडेन, आणि काम राहूनच जाईल.

काम एवढंच आहे की सोबतच्या अर्जावर तुझी एक सही हवी आहे.

बाबा ठीक आहेत. मागच्या नोव्हेंबरात घरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जातात. आंघोळ, कपडे, संडास, इन्शुलिनचं इंजेक्शन, पायाची जखम धुणं, सगळं मला करावं लागतं. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. दुकान आणि घर दोन्ही सांभाळते. जमतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला माजी सैनिकांसाठी एक निवास आहे. बेचाळीस खोल्या, एका खोलीत दोघे, नर्स चोवीस तास. बाबांनी सव्वीस वर्षं सैन्यात गाडी चालवली म्हणजे त्यांचा हक्कच आहे. अर्जाच्या तिसऱ्या पानावर ‘सर्व अपत्यांची संमती’ असा रकाना आहे. पूर्वी कधीतरी एका मुलाने बापाला आणून ठेवलं आणि दुसऱ्याने येऊन भांडण केलं, तेव्हापासून हा नियम.

बाबा म्हणाले, “लिही, अपत्य एकच.” मी तसं लिहिलं नाही. खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द होतो म्हणून. दुसरं काही कारण नाही.

फुली मारली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. बाकी काही लिहायलाच हवं असं नाही.

शेपूट


२३ मार्च

दादा,

पत्र मिळालं असेल असं धरून चालते. तुला वाटलं असेल, तेवीस वर्षांत हिला माझी आठवण आली नाही, आता सही हवी म्हणून आली. बरोबर आहे. पण आई गेली त्या वेळी तू आलास, फाटकापाशी उभा राहिलास आणि कोणाशी न बोलता निघून गेलास. तेव्हा मी तुझ्या मागे धावले होते. तू रिक्षात बसलास. वळून पाहिलं नाहीस, त्यामुळे तुला हे माहीत नसेल.

असो. मी मागच्या पत्रात ‘जमतं’ असं लिहिलं होतं. तितकंसं जमत नाही.

वर्षभरात पाच मदतनीस आले आणि गेले. पहिल्याला चादरीचे कोपरे पलटणीतल्यासारखे दुमडता येत नव्हते. दुसरी बाई बोलते फार. तिसरा बोलतच नाही, म्हणजे नक्की चोर. चौथ्याच्या अंगावर त्यांनी पाण्याचा तांब्या फेकला. पाचवी चांगली होती रे, खरंच चांगली होती. तिला त्यांनी रोज सकाळी उभं करून नखं तपासायला सुरुवात केली. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, “ताई, मला कामाची गरज आहे, पण इतकी नाही.”

आता मी एकटीच. मला बोलवायला त्यांच्याकडे शिट्टी आहे, पलटणीतली. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे लघवीचं भांडं, तीन म्हणजे ताबडतोब. बहुतेक वेळा तीनच असतात. खालच्या काकू जिन्यात गाठून विचारतात, “तुमच्याकडे रेफरी राहतो का?” मी दुकानात असते तेव्हा फोन. परवा सकाळी अकरा फोन आले. त्या गडबडीत मी एका बाईंच्या काचेचा अक्ष, म्हणजे नंबराचा कोन, नव्वदऐवजी एकशे ऐंशी अंशांवर बसवला. त्या चष्मा घालून दुकानाची पायरी उतरल्या आणि गुडघ्यावर आपटल्या. मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नुसतं म्हणाल्या, “घरचं काय ते एकदा मार्गी लाव.” सतरा वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती.

निवास पाहून आले. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा, सगळीकडे, अगदी जेवणाच्या खोलीपर्यंत. उंबरे नाहीत. फिनेलचा वास येतो, पण खाली दबलेला दुसरा वास येत नाही. ती मुख्य गोष्ट. अधीक्षिका सैन्यात नर्स होत्या. उंच, आवाज खर्जातला. मी बाबांबद्दल सांगायला लागले तर म्हणाल्या, “तुम्ही सौम्य करून सांगताय. सगळेच तसं करतात. इथे सगळ्यांचेच वडील अवघड आहेत.” मला त्या बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

यादीत आपण सातवे आहोत. आता घोडं दोन ठिकाणी अडलंय. एक तुझी सही. दुसरं, सेवापुस्तिका. नोकरीची सगळी नोंद तिच्यात असते आणि ती बाबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीची किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधलेली. मी त्यांचा पायजमा रोज बदलते, पण किल्लीला हात लावला की ते माझं मनगट धरतात. शहात्तर वर्षांचा माणूस, वजन पंचेचाळीस किलो, आणि पकड अशी की माझ्या हातावर वळ उठतात.

“पुस्तिकेत काय आहे एवढं?” मी विचारलं.

“सव्वीस वर्षं आहेत,” म्हणाले. “तुझ्या बापाची. ती कोणा कारकुनाला चाळायला द्यायची नाहीत.”

शेवटी मी सैन्याच्या अभिलेख कार्यालयाला नक्कल मागणारा अर्ज केला आहे.

सही पाठव.

शेपूट


११ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट आलं. मी जिन्यातच फाडलं. अर्ज कोरा, आणि मागे तुझ्या अक्षरात एक ओळ: ‘मला घरातून काढलं तेव्हा त्यांनी कोणाची संमती घेतली होती?’

कोणाची नाही. आईची नाही, माझी तर नाहीच. मी पंधरा वर्षांची होते आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. तू सैन्याच्या प्रशिक्षणातून तिसऱ्या महिन्यात पळून आलास. तुझ्या पायांना फोड होते, तू धड उभाही राहू शकत नव्हतास. ते म्हणाले, “पळपुट्याला या घरात जागा नाही.” तू फोडांसकट बूट पुन्हा घातलेस. ती नाडी बांधायला तुला किती वेळ लागला ते मला अजून दिसतं. तेवढ्या वेळात कोणीतरी काहीतरी बोलू शकलं असतं. मीही.

म्हणून तुझा राग मला कळतो. पण दादा, या सहीने तू त्यांच्यावर उपकार करणार नाहीस. माझ्यावर करशील. आता मी तुला ते सांगते जे मावशीलाही सांगितलेलं नाही.

बाबांचा पाय घसरला नाही.

ऑपरेशनच्या आधी ते चालत होते. तोल जायचा, पण चालायचे. आठवड्यात दोनदा रस्ता ओलांडून दुकानात आले होते आणि गिऱ्हाइकांसमोर मला हाका मारून गेले होते. त्या सोमवारी सकाळी मी निघाले आणि बाहेरून कुलूप घातलं. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. एक दिवस, मी म्हटलं. एक दिवस मला कोणी हाक मारू नये. आणि खरं सांगायचं तर तो दिवस फार छान गेला. मी दुपारचा डबा बसून खाल्ला.

संध्याकाळी सहाला कुलूप काढलं तेव्हा ते खिडकीखाली पडले होते. शेजारी स्टूल आडवं. उंच खिडकीतून कोणाला तरी हाक मारायला चढले असणार. सकाळी अकराच्या सुमाराला, म्हणजे सात तास. कपडे ओले, ओठ कोरडे. मी त्यांना उचलायला गेले तर म्हणाले, “उचलू नकोस, हाड मोडलंय. गाडी बोलव.”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात, घरात कोणी नव्हतं का, एवढा उशीर का झाला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “पाय घसरला. मुलगी लगेच आली. मीच म्हटलं, थोडं थांबून बघू.” डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. त्यानंतर कुलुपाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही, शिव्या देतानाही नाही. एरवी ते माझी पाचवीतली चूकही काढून दाखवतात.

मी वाईट मुलगी नाही. पण दमलेला माणूस काय करतो ते मी पाहिलं आहे, आणि तो माणूस मीच होते. परत तसं होणार नाही असं मला छातीठोक सांगता येत नाही.

निवासातून फोन होता. एक जागा मोकळी झाली आहे. यादीतल्या वरच्यांपैकी काही दुसरीकडे गेले, काही गेलेच, आणि आता आपण पहिले आहोत. सगळे कागद तीस एप्रिलच्या आत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

नवा अर्ज जोडला आहे. मागची बाजूही कोरी आहे. तिथे तुला हवं ते लिही, पण पुढच्या बाजूला सही कर.

शेपूट


२७ एप्रिल

दादा,

मिळालं.

आजच दुपारी दुकानातून सुट्टी काढून कागद निवासात देऊन आले. अधीक्षिकांनी पोच दिली. तुझी सही मी दोनदा पाहिली. शेवटचा तो लांब फराटा हुबेहूब बाबांसारखा आहे. रागावू नकोस.

मागच्या बाजूला तू ‘जेवत जा’ एवढंच लिहिलं आहेस. जेवते.

अभिलेख कार्यालयाची नक्कलही आली. तिच्यात एक नोंद आहे, ती मी तीनदा वाचली. आत्ता त्याबद्दल लिहीत नाही. दोन मे रोजी समितीसमोर मुलाखत आहे आणि तिथे बाबांनी स्वतःच्या तोंडाने ‘मला यायचं आहे’ असं म्हणावं लागतं. मुलांनी जबरदस्तीने आणून टाकलं असं होऊ नये म्हणून. ते रोज सकाळी मला बजावतात, “मी नाही म्हणणार. बघच तू.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

शेपूट


४ मे

दादा,

हे पत्र सावकाश वाच.

बाबांना भाड्याच्या गाडीतून घेऊन गेले. त्यांनी स्वतःहून पांढरा शर्ट मागितला, दाढी दोनदा करवून घेतली. वाटेत ड्रायव्हरला क्लच कसा दाबायचा ते शिकवलं. त्या बिचाऱ्याने एका सिग्नलला मला आरशातून विचारलं, “काका नेहमी असेच का?” मी म्हटलं, आज खुशीत आहेत.

समितीत तिघे. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, आणि अधीक्षिका. लांब टेबल, समोर बाबांची व्हीलचेअर, मी बाजूला. अध्यक्षांनी विचारलं, “आपल्याला इथे यायचं आहे का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “मला घर आहे. मुलगी आहे. ती करते.”

मी खाली बघत होते. माझ्या बोटांना काच घासताना लागणारी पांढरी पूड अजून चिकटलेली होती, तीच खरवडत बसले. संपलं, असं वाटलं. खरं सांगू, रडूसुद्धा आलं नाही.

अध्यक्षांनी कागद उलटले. आवाज न चढवता म्हणाले, “नोंदीत एकोणीस दिवस विनापरवाना गैरहजेरी दिसते. अठ्ठावीस दिवसांची कैद. बाहीवरच्या दोन फिती काढून पद उतरवलं. त्यानंतर बढती नाही. समितीला हे विचारावं लागतं. काय झालं होतं?”

हीच ती नोंद. आपल्याला लहानपणापासून काय सांगितलं होतं आठवतं ना? वरच्यांचं राजकारण, म्हणून बढती हुकली. मी तारीख पाहिली होती. तू तेव्हा एक वर्षाचा होतास.

बाबांनी व्हीलचेअरचे हात धरले. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण ते सरळ बसले, जितकं बसता येतं तितकं, आणि वरिष्ठांना हकिगत सांगावी तसं सांगायला लागले.

“मूल आजारी होतं. गोवर, त्यातून न्यूमोनिया. बायकोची तार आली. रजा मागितली, नाकारली. गाड्या कमी होत्या, चालक कमी होते. दुसऱ्या दिवशी परत मागितली, परत नाकारली. तिसऱ्या दिवशी रिकामे डबे घेऊन दुधाचा ट्रक बाहेर पडत होता, त्यात बसलो आणि गेलो.”

“मग परत का आलात?” अध्यक्षांनी विचारलं.

“मुलाचा ताप उतरला.”

डॉक्टर काहीतरी लिहीत होते, ते थांबले. अधीक्षिकांनी विचारलं, “एकोणीस दिवस तुम्ही काय केलंत?”

“धरून बसलो,” बाबा म्हणाले. “आडवं केलं की त्याला श्वास लागायचा. बायको दिवसा धरायची, मी बाकीचा वेळ. उभं धरावं लागायचं, असं, खांद्यावर.” आणि त्यांनी हात करून दाखवला. रिकाम्या खांद्यावर हात, दादा. मी त्या माणसाला रोज आंघोळ घालते आणि तो हात मी कधी पाहिला नव्हता.

“मुलगा आता कुठे असतो?”

“त्याला मी घालवला.”

मग ते स्वतःच म्हणाले, “तो प्रशिक्षणातून पळून आला. मला वाटलं, ह्याच्याही कागदावर तेच लागणार, जन्मभर पुसणार नाही. मी परत गेलो होतो. त्यानेही परत जावं म्हणून दार लावलं. तो परत गेलाच नाही. दुसरीकडेच गेला.”

अध्यक्षांनी कागद मिटले. “म्हणजे आपला नकार समजायचा?” असं त्यांनी विचारलं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतात तेव्हा काहीतरी चूक शोधत असतात. तसे पाहत नव्हते. माझे डोळे, माझे हात, मनगटावरचे वळ, एकेक करून पाहत होते.

“हिला वर्षभर रजा नाही,” ते म्हणाले. “माझ्यामुळे. एकदा तिने घेतली, न विचारता. तिची चूक नाही, मागितली असती तर मी दिली नसती.” मग अध्यक्षांकडे वळून, तोच जुना हुकमी आवाज: “हिची रजा मंजूर करा. मी इथे राहतो.”

अधीक्षिकांनी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली, तो फराटा मारून.

गाडीत बसल्यावर मला म्हणाले, “हे त्याला कळवायचं नाही.” मी आयुष्यभर त्यांचं ऐकलं. हे एक ऐकणार नाही, म्हणून लिहिते आहे. तू माफ करावंस म्हणून नाही. तू कर किंवा करू नकोस. त्यांनी तुला हाकललं ते खरंच आहे, आणि एकोणीस दिवस खांद्यावर धरलं तेही खरं आहे. मला दोन्ही माहीत असताना तुला एकच माहीत असणं बरोबर नाही.

शेपूट


२१ मे

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी वाट बघत नाही. म्हणजे बघते, पण टपालपेटीजवळ उभी राहून नाही.

सोमवारी बाबांना सोडून आले. दोन पिशव्या आणि ती पत्र्याची पेटी. खोलीत आधीपासून एक आजोबा आहेत, तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले आहेत. बाबांनी आत शिरताच खिडकी उघडी का, पंखा इतक्या जोरात का, चप्पल मधे का, असा तोंडाचा पट्टा सोडला. आजोबा शांतपणे हसत होते. बाबा दमून थांबले तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “बरं झालं आलात. इथे कोणी बोलतच नाही.”

अधीक्षिका दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “ही जोडी मी तीन आठवडे ठरवत होते.”

शिट्टी त्यांनी काढून घेतली. पलंगाला घंटेचं बटण आहे, दाबलं की नर्स येते. तिची पाळी आठ तासांची असते आणि मग ती घरी जाते. ही आठ तासांची गोष्ट मला इतकी सुंदर वाटली की मी तिला दोनदा विचारलं.

निघताना बाबा म्हणाले, “इन्शुलिनची वेळ यांना नीट सांगितलीस का?” सांगितली. “लिहून दिलीस का?” दिली. “मग उभी का आहेस?”

घरी येऊन त्यांची गादी गच्चीत उन्हात टाकली, खोली धुतली आणि आंघोळ केली. आंघोळीला किती वेळ लागला माहीत नाही, मधे कोणी हाक मारली नाही. मग दुपारी दोनला आडवी झाले ती सहाला उठले. उठल्यावर पहिलं वाटलं, काहीतरी विसरलं. मग आठवलं की काही नाही.

मला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही याचं वाईट वाटलं, ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तेही गेलं. खालच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, “फार शांत वाटतंय गं.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, “काकू, तुम्हीच शिट्टीची तक्रार करत होतात.” म्हणाल्या, “हो, पण आता मला माझ्या औषधाची वेळ कळत नाही.”

शेपूट


२६ जून

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं. मी ती दुकानात वाचली, मग मालकीणबाईंनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि गिऱ्हाईक स्वतः सांभाळलं. त्यावर मी काही लिहिणार नाही, फक्त एक. तू लिहिलं आहेस की तुझी मुलगी तापली की तू तिला उभा राहून खांद्यावर धरतोस, आडवं करत नाहीस, आणि बायको विचारते हे कुठून शिकलास, तर तुला सांगता येत नाही. आता सांग.

बाबांचं कळवते, कारण तू विचारलं आहेस. (तू नुसतं ‘तिकडे कसं आहे’ असं विचारलं आहेस. मी समजले.)

पहिले दोन आठवडे त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. जेवणाचं ताट परत पाठवलं, नर्सची नखं तपासायला मागितली. तिने उलट त्यांचीच तपासली आणि कापली. तेव्हापासून ते तिला घाबरून असतात आणि माझ्याजवळ तिची तारीफ करतात. पायाची जखम भरत आली आहे. मी घरी चार महिने धडपडत होते ती. मला क्षणभर राग आला, मग हसू आलं.

आणि निवासाची एक जुनी गाडी आहे, हॉस्पिटलात ने-आण करायची. आठवड्याच्या सुरुवातीला तिच्या फेऱ्या असतात म्हणून ड्रायव्हर ती आदल्या दिवशी, रविवारी, तपासून ठेवतो. बाबा एकदा वॉकर घेऊन तिथे पोचले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि सांगितलं की पट्टा सैल आहे. खरंच सैल होता. आता दर रविवारी ते तिथे खुर्ची टाकून बसतात आणि ड्रायव्हर त्यांच्या हुकमाखाली बॉनेट उघडतो. पलंगापासून दारापर्यंत जाणारा माणूस आता अंगणापर्यंत जातो.

मी या रविवारी गेले. दोन बस बदलून, पिशवीत त्यांचा धुतलेला स्वेटर आणि पेरू. ते चाकाजवळ वाकून ड्रायव्हरला हवेच्या दाबावरून झापत होते. बाजूला तोफखान्यातले आजोबा मान डोलावत बसलेले, एक अक्षर ऐकू येत नसताना. मी बाकावर बसले. पाऊण तास बसले. शेवटी त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“कधी आलीस?”

“झाला थोडा वेळ.”

“मग सांगायचं नाही का? स्वेटर आणलास? ठेव तिथे.” आणि परत चाकाकडे वळले. मी पेरू काढायला लागले तर म्हणाले, “हे बघ, तू रविवारी येत जाऊ नकोस. रविवारी मला काम असतं.”

दादा, मी फाटकाबाहेर आले आणि बस थांब्यावर एकटीच हसत बसले. आणलेल्या पेरूंतले दोन तिथेच खाल्ले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता.

तू यावंस असा माझा आग्रह नाही. त्यांनीही बोलावलेलं नाही, आणि तू आलास तर ते काय म्हणतील याची हमी मी देत नाही. बहुधा तुझे बूट बघून पॉलिशबद्दल बोलतील. पण निवासात भेटीची वेळ रोज चार ते सहा आहे. फाटकापाशी वहीत नाव लिहावं लागतं आणि ‘नातं’ असा एक रकाना असतो, तो भरावा लागतो. मुलीलाही आण, तिला बघायचं आहे मला.

फक्त रविवारी नको.

शेपूट